ल्युताच्या नावाचं पाणी

१

पडद्याआडून ल्युता बाहेर येईना, तेव्हा आधी मला वाटलं, लाजत असेल.

आमच्या झेलिन गावच्या बायकांचा जन्म तळ्याकाठी गेला. अंग उघडं करून पाण्यात उतरायचं आम्हाला नवल नव्हतं. पण जमिनीत पुरलेल्या पिपात गळ्याइतक्या पाण्यात उभं राहायचं आणि परक्या मुलखातल्या पाद्रीने पडदा जरासा सारून आपलं डोकं तीनदा पाण्याखाली दाबायचं, ही लाज वेगळी होती. लाज कसली, भीतीच. पाद्रीबाबा रेगिनार बायकांकडे बघत नसत, हे खरं. ते पडद्याच्या एका बगलेला उभे राहायचे आणि पाणी डुचमळल्याचा आवाज आला की हात आत घालायचे. पुढच्या बाजूला धर्ममाता, म्हणजे बाप्तिस्म्याची साक्षीदार बाई, उभी. आत जाणाऱ्या बाईने अंगावरचा झगा काढून तिच्या हातात द्यायचा आणि धर्ममातेने तो तोंडापुढे धरायचा, म्हणजे तिलाही काही दिसू नये.

ल्युताची धर्ममाता मी होते. माझा स्वतःचा बाप्तिस्मा आधीच्या आठवड्यात झाला होता, एवढाच माझा मान. मी गेले तेव्हा ती पडद्यापाशी गुडघे टेकून बसली होती, निळ्या झग्याची टोपी नाकापर्यंत ओढून. बोलायला मनाई होती. मी तिचा हात धरला. हात बर्फासारखा गार होता आणि थरथरत होता. मग ती वाकून पडद्याखालून आत सरकली आणि झगा बाहेर आला.

पाणी डुचमळलं. पाद्रीबाबांचे प्रश्न ऐकू आले, बारीक आवाजात उत्तरं आली. तीनदा पाणी उसळलं. मग शांत झालं.

बाप्तिस्म्यानंतर घालायचा पांढरा झगा हातात धरून मी उभी राहिले. “ल्युता, घे ना गं,” मी म्हणाले. मग पुन्हा एकदा म्हणाले. शेवटी नियम मोडून आत पाहिलं.

पीप रिकामं होतं. पाणी अजून हलत होतं आणि त्यावर पवित्र तेलाचा पातळ तवंग फिरत होता.

मी ओरडले नाही. दुसऱ्याच कुणीतरी बाईने डोकावलं आणि तिने म्हटलं ते सगळ्यांनी ऐकलं: “त्रिग्लावने नेली.”

त्रिग्लाव म्हणजे आमचा जुना देव, तीन डोक्यांचा. पाद्रींनी त्याची मूर्ती फोडून जाळली, त्याला फार दिवस झाले नव्हते. त्या दिवशी त्याचा पुजारी बेरिवोय भर बाजारात उभा राहून म्हणाला होता की तळ्याचं पाणी देवाचं आहे, त्यात दुसऱ्याचं नाव घ्याल तर तो आत ओढून घेईल. तेव्हा पोरं हसली होती. आता कुणी हसत नव्हतं.

ल्युताचे दोघे धाकटे भाऊ पडदे फाडत मागच्या बाजूला धावले. तिकडे तळ्यापर्यंत नुसतं लव्हाळं. त्यातून त्यांनी बेरिवोयला ओढून काढलं. म्हातारा कमरेपर्यंत भिजलेला होता.

२

भावांतला थोरला, स्त्रेझा, म्हणाला, विचारायचं काय शिल्लक आहे? देवाच्या नावाखाली म्हाताऱ्यानेच तिला ओढून नेऊन बुडवली. संध्याकाळच्या प्रार्थनेची घंटा झाली की त्याच पिपात याला घालू आणि वर झाकण ठोकू. जे अजून जुन्या देवाचे होते, ते म्हणाले, हात तर लावून बघा. दोन्हीकडे कुऱ्हाडी होत्या.

अशा वेळी वोलिमिरकाका आला. तो ड्यूकचा, म्हणजे आमच्या मुलखाच्या धन्याचा, माणूस, गावातले तंटे सोडवायला नेमलेला. एक कान डेन लोकांनी कापलेला. तरुणपणी तो पोलंडमध्ये कैदी होता, तिथे त्याला बाप्तिस्मा दिला होता. परत आल्यावर तो त्रिग्लावलाही मध वाहायचा. त्याला कुणी टोमणा मारला की म्हणायचा, “मी दोघांनाही घाबरतो. म्हणून दोघांच्याही नावाने खोटं बोलत नाही.”

त्याने कुणाला दरडावलं नाही. एवढंच म्हणाला की गावात दंगा झाला तर ड्यूकचे घोडेस्वार येतील, आणि शेजारच्या गावाची राख आपण सगळ्यांनी पाहिली आहे. घंटेपर्यंत मला विचारू द्या. मग तो माझ्याकडे वळला. ल्युताला शेवटची हात लावणारी मी. लोक माझ्यापासून जरा लांबच उभे होते.

मी सगळं सांगितलं. तो निळा झगा मागून घेऊन किनार बघत बसला. ल्युताच्या आईने विणलेला तो झगा सगळ्या गावाला माहीत होता.

“हा चिखल कसला?”

मी म्हणाले, गुडघ्यांवर बसली होती ना.

“गुडघ्यांचा चिखल पुढे लागतो. हा मागच्या किनारीला आहे, आणि गवताची कुसळंपण.” त्याने मला झगा अंगावर घ्यायला लावला आणि चालायला सांगितलं. मी बुटकी. झगा माझ्या टाचांमागे फरफटत आला, मागची किनार चिखलात.

“आता सांग, ल्युता चालायची तेव्हा हा कुठपर्यंत यायचा?”

घोट्यांच्या वर. ल्युता नवऱ्यापेक्षा उंच होती. दोमाझिरने बायको नाही, शिडी आणली, अशी गावात थट्टाच होती.

“पडद्यापाशी तू तिला उभी पाहिलीस?”

मी तिला उभी पाहिलीच नव्हती. मी पाहिला होता झगा, टोपी, आणि तो हात. ल्युताचा हात कधी थरथरत नसे. वादळात जाळं ओढतानाही नाही.

“काका,” मी म्हणाले, “मग माझ्या हातात हात दिला तो कुणी?”

३

लहानपणी आम्हाला सांगायचे की तळ्यात बुडालेल्या बायका वर येतात, ओळखीच्या माणसाचं रूप घेतात आणि त्यांचे हात गार असतात. माझा उजवा हात मी किती वेळ झग्याला पुसत होते. वोलिमिरकाकाने मला बरोबरच ठेवलं. पाद्रीबाबांची आणि आमची बोली जुळायची नाही, मला थोडी थोडी समजायची, म्हणून असेल. की मी एकटी राहिले असते तर वेडी झाले असते, हे त्याला दिसलं असेल.

पाद्रीबाबा लाकडी चर्चमध्ये गुडघे टेकून रडत होते. तेही घाबरले असतील असं मला वाटलं होतं. पण त्यांचा चेहरा वेगळाच होता, ताप चढल्यासारखा. ते म्हणाले, तुम्ही चुकीच्या जागी शोधता आहात. त्या बाईला सैतानाने नेलेलं नाही, स्वर्गाने नेलं आहे.

काकाने विचारलं, कशावरून?

त्यांनी सांगितलं ते असं. बाकीच्या बायकांना प्रश्न दोनदा समजावून सांगावे लागायचे. सैतानाला सोडतेस का, देवावर विश्वास ठेवतेस का. ल्युता तर शिकवणीला धड आलीही नव्हती. आली तेव्हा भांडूनच गेली. आणि आज त्यांचा प्रश्न पुरा व्हायच्या आत तिचं उत्तर आलं. जणू कुणी तिच्या कानात सांगत होतं.

“आणि दुसरं?” काका म्हणाला. ते काहीतरी गिळत आहेत हे त्याने ओळखलं.

पाद्रीबाबांनी आवाज खाली आणला. “मी डोक्यावर हात ठेवला, तेव्हा केसांना वास येत होता. पवित्र तेलाचा. मी अजून तेल लावलेलं नव्हतं. शपथेवर सांगतो, बुडवण्याच्या आधी. डोकं वर आलं तर पाणी बदकाच्या पाठीवरून ओघळावं तसं ओघळलं. देवाने स्वतः तिला तेल लावलं होतं, माझ्याआधी.”

माझ्या अंगावर काटा आला. काका मात्र खाली मान घालून कापलेल्या कानाची जागा खाजवत राहिला. मग त्याने विचारलं की हे तेल गावात आणखी कुणाकडे आहे का. पाद्रीबाबांना प्रश्नाचाच राग आला. ते तेल बिशपच्या हातचं, त्यातला सुगंध समुद्रापलीकडून येतो, आणि त्याची कुपी त्यांच्या गळ्यातून क्षणभरही निघत नाही.

बाहेर आलो तर दारात गर्दी जमलेली. चमत्काराची गोष्ट आमच्याआधीच पसरली होती. काही बायका पिपातलं पाणी भांड्यात भरून नेत होत्या. आणि स्त्रेझाने बेरिवोयला खांबाला बांधून शेजारी झाकण आणून ठेवलं होतं.

४

दोमाझिर आपल्या होडीच्या कडेवर बसला होता, पांढऱ्या झग्यात, भिजलेल्या दाढीने. लोक मागे काय कुजबुजतात ते त्याला माहीत होतं: थोरली गेली, धाकटी राहिली, गड्याचं काम झालं. कारण पाद्रीबाबांचा हुकूम होता की बाप्तिस्मा घेतलेल्याने एकच बायको ठेवायची, पहिली. ल्युता पहिली. यारना दुसरी, तिच्याहून पुष्कळ लहान, पदरात एक मुलगी. यारनाला माहेरी परत जावं लागणार होतं.

काका काही विचारण्याआधीच तो म्हणाला की मी त्या वेळी पुरुषांच्या पिपात होतो, सगळ्यांनी पाहिलं. ते खरंच होतं. मग तो रडायला लागला. त्याने पाद्रीबाबांना शब्द दिला होता की ल्युताला ठेवीन. ल्युताचे भाऊ तगडे, शब्द न देऊन सांगतो कुणाला. “खरं विचाराल तर मला दोघीही हव्या होत्या,” तो म्हणाला. “त्या दोघींनाही एकमेकी हव्या होत्या. आमच्या घरात सवती कधी भांडल्या नाहीत. माझ्याशीच भांडायच्या.”

ल्युताला आज सकाळी पाहिलंस का, असं काकाने विचारलं. नाही. ती सगळ्यांच्या आधी उठून गेली होती, प्रार्थना करून परस्पर येते म्हणून यारनाकडे निरोप ठेवून.

“आणि यारनाचा बाप्तिस्मा?”

“सकाळीच झाला, पहिल्या घोळक्यात.”

ओल्या बायकांनी अंग शेकावं म्हणून लव्हाळ्याच्या कडेला एक खोपटं केलं होतं. पहिल्या घोळक्यातल्या बायका तिथे केस विंचरून, वरीची पेज पिऊन, पोरांना घेऊन केव्हाच मोकळ्या झाल्या होत्या. यारना एकटीच विस्तवाला चिकटून बसली होती, मुलीला छातीशी धरून. तिचे दात वाजत होते. मला तिची दया आली. मी तिच्या पाठीवर हात फिरवला, तर तिच्या केसांतून माझ्या मनगटावर पाणी गळलं.

तिने काकाकडे पाहिलंच नाही. ताई कुठे असेल ते ठाऊक नाही, म्हणाली. ताप आलाय, म्हणाली. परत गेले तर पोरीचं काय होईल, असं मध्येच म्हणाली. तिच्या बापाच्या घरची रीत आम्हाला माहीत होती. तिच्या दोन धाकट्या बहिणींना जन्मल्याबरोबर रानात ठेवून आले होते.

काका जायला वळला तेव्हा ती अचानक म्हणाली, “बेरिवोयबाबांना काही करणार नाहीत ना? त्यांनी काही केलेलं नाही.”

“तुला काय माहीत?” काकाने विचारलं.

तिने मुलीच्या केसांत तोंड लपवलं.

५

बेरिवोयकडे जाण्याआधी काका लव्हाळ्यात शिरला. मला चिखलात पाय टाकवेना, मी काठावर थांबले. तो बराच वेळ आला नाही, तेव्हा माझ्या मनात नको नको ते आलं. आला तो कमरेपर्यंत भिजून. काय सापडलं ते त्याने सांगितलं नाही. बोटाला मध लागला होता तो मात्र त्याने चाटला.

खांबाला बांधलेल्या म्हाताऱ्याभोवती दोन्हीकडची माणसं होती. काकाने सगळ्यांना मागे सरकवलं आणि मला म्हणाला, तू ऐक, साक्षीला हवं कुणीतरी.

बेरिवोय मोठ्याने म्हणाला, “देवाने नेली. माझ्या डोळ्यांनी पाहिलं.” जुन्या देवाची माणसं गुरगुरली.

काका त्याच्या कानाशी वाकला. “बाबा, मूर्तीचं एक डोकं तुम्ही वाचवलंत. लव्हाळ्यात आहे. तुम्ही त्याला मध भरवायला येता. मी ते परत झाकून ठेवलं. कुणाला सांगणार नाही.”

म्हाताऱ्याचा चेहरा उतरला. मी त्याला लहानपणापासून बघत आले. तो बाजारातून जायचा तेव्हा आम्ही वाटेवरून बाजूला व्हायचो. तो आता मुलासारखा रडत होता.

“म्हणजे तुम्ही तिथे होतात,” काका म्हणाला. “पडद्याची मागची बाजू तुमच्या समोर होती. कोण बाहेर आलं, ते तुम्ही पाहिलंत.”

“पाहिलं.”

“मग सांगा आणि जीव वाचवा.”

बेरिवोयने झाकणाकडे पाहिलं. घाबरला होता. तरी म्हणाला, “सांगितलं तर माझा देव लाकूड ठरतो, वोलिमिर. आज कितीतरी वर्षांनी लोक त्याला भ्याले. मी मेलो तरी ही भीती राहील.”

सूर्य पलीकडच्या झाडांवर टेकायला आला होता. घंटेचा दोर धरायला माणूस गेला.

६

काकाने पाद्रीबाबांना त्या खोपटात बोलावून घेतलं. आत आम्ही चौघंच: ते, काका, मी आणि यारना, मांडीवर झोपलेली मुलगी.

काका विस्तवापाशी बसला. म्हणाला, मी भूत-देव मानत नाही असं नाही. पण भुताला झगा लांब का होईल? झगा फरफटला, कारण तो घालून चालत आली ती बाई बुटकी होती. ल्युता नव्हती. ल्युता आज त्या पडद्यापाशी आलीच नाही.

“पण मी तिला बाप्तिस्मा दिला,” पाद्रीबाबा म्हणाले.

“तुम्ही एका डोक्याला दिलात. चेहरा पाहिलात का?”

पाद्रीबाबांनी नुसती मान हलवली, तेव्हा काका म्हणाला,

“तिने प्रश्न पुरा व्हायच्या आत उत्तर दिलं. कारण तेच प्रश्न तिने आज आधी एकदा ऐकले होते. तिच्या केसांना तेलाचा वास होता. ते तेल गावात फक्त तुमच्या गळ्यात आहे, हे तुम्हीच सांगितलंत. मग तिच्या डोक्याला तेल कुणी लावलं? तुम्हीच, बाबा. आज सकाळी. ती दुसऱ्यांदा तुमच्या हाताखाली आली. हात गार होता, कारण ती आधीच एकदा भिजून कुडकुडलेली होती. बुडी झाल्यावर मागच्या पडद्याखालून लव्हाळ्यात गेली, तिथे आपला पांढरा झगा ठेवलेला होता, आणि इथे येऊन बसली. सकाळी बाप्तिस्मा घेतलेल्यांतल्या सगळ्यांचे केस वाळले. एकीचे वाळले नाहीत.”

त्याने यारनाकडे बोट दाखवलं नाही. गरजही नव्हती. मी माझ्या मनगटाकडे बघत होते.

यारना पाद्रीबाबांच्या पायांवर पडली. तिला ल्युताबद्दल बोलायचंच नव्हतं. ती एकच गोष्ट पुन्हा पुन्हा विचारत होती. पाद्रीबाबांनी शिकवलं होतं की हे पाणी एकदाच घ्यायचं, दुसऱ्यांदा घेणारा देवाच्या पोराला पुन्हा खिळे ठोकतो.

“मी ठोकले का?” ती म्हणाली. “मला पाण्याखाली हातोड्याचा आवाज आला. मी नको म्हणत होते ताईला. ती म्हणाली, तू राहशील, पोरगी राहील, मला कुणी शोधणार नाही. देवाने नेली म्हणतील आणि कुणावर आळ येणार नाही. बेरिवोयबाबा तिथे असतील हे कुणाला माहीत होतं? आता माझ्यापायी तेपण मरतील. मला जाळतील का खाली, नरकात?”

पाद्रीबाबांचा चमत्कार त्यांच्यासमोर कुडकुडत बसला होता.

ल्युता कुठे आहे, ते तिने शेवटी सांगितलं. तळ्यातल्या बेटावर. पलीकडच्या काठाचे लोक, ज्यांना अजून कुणी पाण्यात बुडवलं नव्हतं, ते संध्याकाळी तिथे जाळी काढायला यायचे. त्यांच्याबरोबर ती जाणार होती.

काका म्हणाला, भावांना पाठवलं तर तिला बांधून आणतील. नुसतं सांगितलं तर कुणी विश्वास ठेवणार नाही. मग तो माझ्याकडे बघू लागला. मला नाही म्हणायचं होतं. बाहेर घंटा वाजायला लागली.

७

घंटा थांबवायला काका गेला आणि मी होडी ढकलली. त्या दिवशी भीतीने गावातली दुसरी एकही होडी तळ्यावर नव्हती. वल्हं पाण्यात घालताना वाटायचं, खालून कुणी धरेल. मी दोन्ही देवांची नावं घेत गेले. खोटं कशाला सांगू, जुन्याचं जास्त घेतलं.

ल्युता बेटाच्या काठावर उभी होती, अंगावर नुसता लोकरी सदरा, वाऱ्यात केस मोकळे. तिला पाहून मी होडीतच बसून राहिले. तिचे पाय जमिनीला टेकलेत का ते मी आधी बघितलं.

“कोण मरतंय?” तिने विचारलं. मी का आले असेन, ते तिने लगेच ताडलं.

मी सांगितलं. तिने थोडा वेळ पलीकडच्या काठाकडे पाहिलं. तिकडून दोन होड्या निघालेल्या दिसत होत्या. मग ती येऊन माझ्या होडीत बसली आणि माझ्या हातातून वल्हं घेतलं. सगळी वाट ती एकच वाक्य बोलली: “यारनाला काही करू देणार नाही मी.”

काठावर लोक दोन्ही बाजूंनी सरकले. तिला पाहून काहीजण पळालेही. ल्युता सरळ बेरिवोयकडे गेली आणि सुरीने दोर कापला. स्त्रेझाने तिचा दंड धरला. तिने त्याच्याकडे नुसतं पाहिलं. लहानपणी तिनेच त्याला वाढवलं होतं. त्याने हात सोडला.

“मला कुणी नेलं नाही,” ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. “मी गेले. हा म्हातारा खोटं बोलला आणि हे पाद्रीबाबाही चुकले. यारनाला मीच भरीला घातलं.”

पाद्रीबाबा पुढे आले. त्यांनी मोडक्या बोलीत विचारलं, “का? माझ्या देवाने तुझं काय वाईट केलं?”

“मी तुम्हाला एकदा विचारलं होतं, आठवतं?” ल्युता म्हणाली. “माझा मुलगा तीन वर्षांचा होऊन गेला. त्याची राख मडक्यात घालून वाटेच्या खांबावर ठेवली आहे. तो आता कुठे असेल, विचारलं. तुम्ही म्हणालात, पाण्याविना गेलेले सगळे एका जागी जातात, आणि पाणी घेतलेले दुसऱ्या. मध्ये वाट नाही.”

“तसं लिहिलं आहे.”

“असेल. तो अंधाराला भितो. त्याला तिथे एकट्याला कसं ठेवू?”

पाद्रीबाबा तिच्यासमोर उभे राहिले, आणि मला वाटलं आता ते ओरडतील, शाप देतील. ते वयाने फार नव्हते, हे मला तेव्हा पहिल्यांदा दिसलं. ते तिच्याकडून वळले आणि यारनापाशी गेले. ती गर्दीच्या कडेला मुलीला घेऊन उभी होती, अजून कापत.

“ऐक,” ते म्हणाले. “नाव एकीचं आणि डोकं दुसरीचं असेल, तर तो बाप्तिस्माच नव्हे. खिळे कुणी ठोकले नाहीत. दुसऱ्यांदा तू फक्त आंघोळ केलीस.”

यारना मटकन खाली बसली. कुणीतरी हसलं, आणि मग पुष्कळ माणसं हसली. घाबरलेली माणसं हसतात तशी, रडल्यासारखी. कुऱ्हाडी कधी खाली गेल्या ते कळलं नाही. पाद्रीबाबांनी सांगितलं ते त्यांच्या पुस्तकात होतं की त्यांनी तिथल्या तिथे रचलं, मला माहीत नाही. वोलिमिरकाकाला विचारलं तर तो म्हणाला, मी काही ऐकलं नाही, मला एकच कान आहे.

ल्युताला गावात राहता येणार नव्हतं. पाणी उघड नाकारणाऱ्याने गावात राहायचं नाही, हा ड्यूकचा हुकूम होता. ती त्याच संध्याकाळी निघाली. स्त्रेझा पाठ करून उभा राहिला. धाकट्या भावाने मात्र पाण्यात उतरून होडी ढकलून दिली. दोमाझिर रडत होता. यारनाने मुलीचा हात धरून हलवला आणि स्वतःचा हात हलवायला विसरली. होडीकडे जाताना ल्युता वाटेवरच्या खांबापाशी थांबली आणि मडकं सदऱ्याच्या ओच्यात घेतलं.

पुढे त्या पलीकडच्या काठावरही पिपं पुरली गेली. तोवर ती आणखी पूर्वेला गेली होती, असं जाळीवाले सांगायचे. तिथून पुढे कुठे गेली, कुणी सांगत नाही. बेरिवोय त्या हिवाळ्यात गेला. यारनाची मुलगी आज चर्चमध्ये सगळ्यांत गोड आवाजात गाते.

मी नियमाने चर्चला जाते. पाद्रीबाबा रेगिनार म्हातारे झालेत, माझ्याशी प्रेमाने बोलतात. त्यांनी पूर्वी एकदा विचारलं होतं, स्लावना, तुला काही शंका असेल तर विचार. मी नाही म्हणाले. माझी आई पाद्री आमच्या गावात यायच्या आधीच्या हिवाळ्यात गेली. ती कुठे असेल, ते मी त्यांना कधी विचारलेलं नाही.